उत्क्रांती आणि सृष्टिनिर्मितिवाद : रेडिओवरील चर्चा

सजीवांच्या सर्व जाती समान पूर्वजांपासून नैसर्गिक प्रक्रियांनी उद्भवल्या, असे उत्क्रांतीचा सिद्धांत सांगतो. त्या ईश्वराने स्वतंत्रपणे निर्माण केल्या, असे सृष्टिनिर्मितिवाद मानतो. या दोन भूमिकांमधला संघर्ष अमेरिकेत शंभर वर्षे शाळा, न्यायालये आणि विधिमंडळांत चालू आहे आणि तो रेडिओच्या श्रोत्यांपुढे मांडण्याची परंपराही तेवढीच जुनी आहे. जीवशास्त्रज्ञांमध्ये उत्क्रांती घडली की नाही याबद्दल वाद नाही. वाद आहे तो समाजात : मुलांना काय शिकवावे, ते कोणी ठरवावे, आणि बायबलमधील उत्पत्तीची कथा शब्दशः घ्यावी का, याबद्दल. त्यामुळे कार्यक्रम करणाऱ्यापुढे दुहेरी अडचण असते. समाजातला मतभेद सांगायचा, पण तो विज्ञानातलाच मतभेद आहे असा भास होऊ द्यायचा नाही. आणि हे करताना श्रद्धाळू श्रोत्याचा अपमानही होऊ द्यायचा नाही.

डेटन, १९२५

टेनेसी राज्याने मार्च १९२५मध्ये बटलर कायदा केला. माणूस खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळेत शिकवणे त्याने गुन्हा ठरले. शिक्षा १०० ते ५०० डॉलर दंड. या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खटला आपण लढवू, असे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने जाहीर केले. डेटन या छोट्या गावातल्या काही मंडळींनी एका औषधांच्या दुकानात बसून बेत आखला आणि जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकाला आरोपी व्हायला राजी केले. गावाचे नाव होईल, व्यापार वाढेल, हाही हिशेब त्यात होता.

फिर्यादी पक्षाकडून तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले, बचावासाठी नामांकित वकील क्लॅरेन्स डॅरो आले. शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्राने खटल्याचे थेट प्रक्षेपण केले. अमेरिकेत असे प्रक्षेपण झालेला हा पहिला खटला मानला जातो. डेटनपासून शिकागोपर्यंत भाड्याने घेतलेल्या टेलिफोनच्या तारांना दिवसाला सुमारे १,००० डॉलर पडत होते. मायक्रोफोन नीट बसावेत म्हणून न्यायदालनातील आसनांची मांडणी बदलण्यात आली आणि क्विन रायन या निवेदकाने कामकाज श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. न्यायाधीश जॉन रॉलस्टन यांना या प्रसिद्धीचे अप्रूप होते आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

या प्रक्षेपणाचे महत्त्व तंत्राच्या नवलाईपेक्षा मोठे आहे. मोठ्या शहरांतून आलेल्या वार्ताहरांपैकी अनेकांनी डेटनच्या लोकांना अडाणी, धर्मवेडे ठरवून मजकूर पाठवला. रेडिओ ऐकणाऱ्याला मात्र भाषणे जशीच्या तशी ऐकता आली. १६ जुलैला ब्रायन बोलले आणि त्यांच्यानंतर बचाव पक्षाचे डडली फील्ड मेलोन यांनी मुलांची मने खुली ठेवा, असे आवाहन केले. मेलोन यांच्या भाषणाला ब्रायन यांच्याच चाहत्यांनी भरलेल्या दालनात प्रचंड टाळ्या पडल्या. हे श्रोते मत ऐकून घेऊ शकत होते, दाद देऊ शकत होते. त्यांना आधीच निकालात काढणाऱ्या बातमीदारीने मोठे नुकसान केले असे म्हणावे लागते, कारण ‘शहरी विद्वान आम्हाला हसतात’ ही सल पुढे या वादाचे इंधन बनली.

आणखी एक विलक्षण गोष्ट अशी, की कायदेशीर युक्तिवाद चालू असताना ज्युरींना दालनाबाहेर पाठवले जाई. म्हणजे खटल्याचा जो भाग देश ऐकत होता त्यातला बराचसा ज्युरींच्या कानावर पडलाच नाही. २० जुलैला न्यायालय उकाड्यामुळे आणि गर्दीच्या भाराने मजला खचेल या भीतीने बाहेरच्या हिरवळीवर भरले. तिथे डॅरो यांनी ब्रायन यांची उलटतपासणी घेतली. सृष्टीचे सहा दिवस २४ तासांचेच होते असे नाही, हे ब्रायन यांनी मान्य केले. दुसऱ्या दिवशी ही साक्ष नोंदीतून काढून टाकण्यात आली. ज्युरींनी नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरवले, १०० डॉलर दंड झाला आणि पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच वारले. १९२७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती तांत्रिक कारणावर : ५० डॉलरपेक्षा जास्त दंड ठरवण्याचा अधिकार ज्युरींचा होता, न्यायाधीशाचा नव्हे. कायदा १९६७पर्यंत टिकला.

दोन प्रकारचे रेडिओ

डेटननंतर सृष्टिनिर्मितिवाद अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातून मागे सरला, पण धार्मिक रेडिओ केंद्रांवर त्याला कायमचे घर मिळाले. लॉस एंजेलिसमधील प्रवचनकार एमी सेम्पल मॅकफर्सन यांनी १९२४मध्येच स्वतःचे केंद्र सुरू केले होते; खटल्याच्या काळात त्या ब्रायन यांच्या पाठीशी होत्या. पुढे हेन्री मॉरिस यांची इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च आणि केन हॅम यांची आन्सर्स इन जेनेसिस या सृष्टिनिर्मितिवादी संस्थांनी छोटे, सोपे, नियमित कार्यक्रम शेकडो केंद्रांपर्यंत नेले. विज्ञानाच्या बाजूने इतके सातत्य क्वचितच दिसले.

सार्वजनिक रेडिओचा पाया १९६७च्या पब्लिक ब्रॉडकास्टिंग कायद्याने घातला. वादग्रस्त विषयांवरील कार्यक्रमांत वस्तुनिष्ठता आणि समतोल हवा, असे हा कायदा सांगतो. नॅशनल पब्लिक रेडिओने १९७१मध्ये प्रक्षेपण सुरू केले. खासगी केंद्रांवरही १९४९ ते १९८७ या काळात वादग्रस्त प्रश्नांवरची वेगवेगळी मते मांडण्याचे बंधन होते. अशा वातावरणात ‘एक माणूस या बाजूचा, एक त्या बाजूचा’ ही सवय निर्मात्यांच्या अंगवळणी पडली. करधोरण किंवा धरण यांसारख्या प्रश्नावर ती चालते. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे की दहा हजारांहून कमी, यावर ती चालत नाही. कारण दोन खुर्च्या मांडल्या की पुराव्याचे पारडे आपोआप समसमान दिसू लागते. ब्रिटनमध्ये बीबीसी ट्रस्टसाठी आनुवंशशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांनी २०११मध्ये केलेल्या परीक्षणात नेमक्या याच खोट्या समतोलावर बोट ठेवले होते.

वादसभा आणि स्टुडिओ

१९७०च्या दशकापासून ड्युएन गिश हे सृष्टिनिर्मितिवादी जीवरसायनशास्त्रज्ञ विद्यापीठांतून जाहीर वादसभा गाजवत. मिनिटभरात दहा-बारा आक्षेप फेकायचे आणि प्रतिस्पर्ध्याला एकेकाचे उत्तर देण्यात अडकवायचे, अशी त्यांची पद्धत होती. शाळांत उत्क्रांती शिकवली जावी यासाठी काम करणाऱ्या नॅशनल सेंटर फॉर सायन्स एज्युकेशनच्या युजिनी स्कॉट यांनी १९९४मध्ये तिला ‘गिश गॅलप’ (गॅलप म्हणजे घोड्याची भरधाव दौड) हे नाव दिले. शास्त्रज्ञांनी अशा सभांना जाऊ नये, असे त्यांचे मत होते. मात्र रेडिओबद्दल त्यांचा अनुभव वेगळा होता : तिथे समोरच्याला मध्येच थांबवता येते, ‘तुम्ही म्हणता ते खरे असेल तर मग अमुक दिसायला हवे ना?’ असे विचारता येते. टाळ्या वाजवणारी गर्दी नसते, सूत्रसंचालक असतो आणि विधान तपासायला वेळ मिळतो. हे निरीक्षण अतिशय मोलाचे आहे. आयरा फ्लेटो यांचा १९९१पासूनचा ‘सायन्स फ्रायडे’ किंवा अनेक स्थानिक केंद्रांवरचे फोन-इन कार्यक्रम ज्या रीतीने चालतात, त्यात जिंकण्या-हरण्यापेक्षा समजावून सांगण्याला जागा असते.

फोन करणाऱ्यांचे प्रश्न ठरावीक असतात. ‘हा तर फक्त एक सिद्धांत’, ‘माणूस माकडापासून झाला तर माकडे अजून कशी’, ‘मधले दुवे कुठे आहेत’, ‘होताना पाहिले कोणी’, ‘अव्यवस्था वाढते या ऊष्मागतिकीच्या नियमाचे काय’. प्रश्नाला दहा सेकंद लागतात, उत्तराला दोन मिनिटे. आणि रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. म्हणून कानाने समजतील अशी उदाहरणे निवडावी लागतात. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझी, गोरिला व ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज समान असेल तर एक जोडी गेली कुठे? ती हरवू शकत नाही, तर दोन गुणसूत्रे जोडली गेली असली पाहिजेत. माणसाचे दुसरे गुणसूत्र तपासले तेव्हा एरवी टोकांना असणारा डीएनएचा क्रम त्याच्या मध्यभागी सापडला. सिद्धांताने आधी सांगितले आणि पुरावा नंतर मिळाला, हे यात ऐकताक्षणी कळते. उत्तर कॅनडातील एल्झमेर बेटावर २००४मध्ये सापडलेला, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिकटालिक हा मासा आणि चतुष्पाद यांमधला जीवाश्मही असाच : त्या काळातले खडक कुठे उघडे पडले आहेत याचा अंदाज बांधून नील शुबिन आणि त्यांचे सहकारी तिथे शोध घेत होते. ऊष्मागतिकीचे उत्तर तर एका वाक्यात देता येते, की पृथ्वीला सूर्याकडून सतत ऊर्जा मिळते आणि तो नियम बाहेरून ऊर्जा न मिळणाऱ्या बंदिस्त प्रणालीसाठी आहे.

तरीही अनेकदा प्रश्नामागचा प्रश्न निराळाच असतो. आपण प्राणीच असू तर नीती कशावर उभी राहील? माझ्या मुलाला शाळेने माझ्या श्रद्धेपासून तोडले तर? अशा श्रोत्याला जीवाश्मांची यादी वाचून दाखवणे म्हणजे त्याचे न ऐकणे. इथे वस्तुस्थितीच मदतीला येते. आर्कान्सा राज्याने सृष्टिनिर्मितिवादाला समान वेळ देणारा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध दाव्यात पहिले नाव बिल मॅक्लीन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे होते आणि इतर वादींमध्ये अनेक बिशपही होते. तो कायदा जानेवारी १९८२मध्ये रद्द झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६मध्ये उत्क्रांती ही निव्वळ परिकल्पनेपेक्षा अधिक असल्याचे म्हटले. म्हणजे धर्म विरुद्ध विज्ञान ही मांडणीच अपुरी आहे. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत, ईश्वराने माणसाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्या रूपात निर्माण केले असे मानणारे अमेरिकन १९८२मध्ये ४४ टक्के होते, २०१७मध्ये ३८ टक्के. पस्तीस वर्षांच्या न्यायालयीन विजयांनी मते फारशी हलली नाहीत, यातून संवादाचे काम किती अपुरे राहिले ते कळते.

डोव्हर, २००५

सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये लुइझियानाचा समान वेळेचा कायदा घटनाबाह्य ठरवल्यावर ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली असे सांगणारी नवी मांडणी पुढे आली. पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळा मंडळाने २००४मध्ये नववीच्या वर्गात तिचा उल्लेख करणारे निवेदन वाचायचे ठरवले. शिक्षकांनी वाचायला नकार दिला, तेव्हा प्रशासकांनी ते वाचले. पालक न्यायालयात गेले. खटला चालू होण्याच्या थोडेच आधी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दोन्ही बाजू शिकवाव्यात असे मत दिले होते. बुश यांनीच नेमलेले न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांच्या निकालात, हे विज्ञान नसून धार्मिक मत आहे, असा निर्वाळा दिला.

डेटनचा खटला देशाने ऐकला होता. ऐंशी वर्षांनंतर डोव्हरच्या न्यायदालनात कॅमेरा किंवा ध्वनिप्रक्षेपणाला परवानगी नव्हती. केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञाने, जे स्वतः कॅथलिक आहेत, साक्षीत गुणसूत्रांचा तोच पुरावा सांगितला. इंटेलिजंट डिझाइनचे समर्थक मायकेल बीही यांची दीर्घ उलटतपासणी झाली. हे सारे श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते बातमीदारांच्या वृत्तांतून आणि स्टुडिओतील चर्चांमधून. म्हणूनच साक्षीदारांपेक्षा साक्ष समजावून सांगणाऱ्यावर जास्त भिस्त होती, आणि विषयाची जाण असलेले वार्ताहर ज्या केंद्रांकडे होते त्यांचे श्रोते सुदैवी ठरले.

भारतातील संदर्भ

भारतात शब्दशः सृष्टिनिर्मितिवादाची संघटित चळवळ अमेरिकेसारखी नाही. इथे उत्क्रांती नाकारण्यापेक्षा दशावतारांशी तिची जुळणी करून ‘हे आमच्याकडे आधीच होते’ म्हणण्याकडे कल अधिक दिसतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणी आणि राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद यांनी मानवी उत्क्रांतीवर शंभराहून अधिक भागांची मालिका हिंदीसह अनेक भारतीय भाषांत प्रसारित केली. एकेका भागात एकच मुद्दा, असा संथ विस्तार वादसभेत शक्यच नसतो.

जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलनासाठी आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, हाच त्यांचा आधार होता. देशातल्या तीनही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळण्यास सांगितले. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे उघड झाल्यावर १,८००हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी आक्षेपाचे पत्र काढले. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांपर्यंत तो पोहोचत नाही. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे अशा घडामोडीवर रेडिओवरून सविस्तर चर्चा करण्याची जागा मुख्यतः आकाशवाणीकडेच उरते.