कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात मुलांच्या आरोग्याची बाजू मांडायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

कॅलिफोर्नियातली बहुतेक सरकारी हायस्कुलं आता सकाळी साडेआठच्या आधी भरत नाहीत. किशोरवयीन मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये केली होती. पुढे त्यावर एसबी ३२८ (एसबी म्हणजे सिनेट बिल) हे विधेयक आलं. राज्यपाल जेरी ब्राउन यांनी २०१८ मध्ये ते नामंजूर केलं. विधेयक पुन्हा मांडलं गेलं, २०१९ मध्ये नवे राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली आणि १ जुलै २०२२ पासून कायदा लागू झाला. डॉक्टरांच्या एका शिफारशीचा कायदा लागू व्हायला आठ वर्षं गेली, पण झाला.

इथे प्रॅक्टिस करणाऱ्या आपल्या अनेक मराठी बालरोगतज्ज्ञांचा समज असतो की हे लॉबिस्टांचं आणि मोठ्या संघटनांचं काम आहे. तसं अजिबात नाही. विधेयकावर मत नोंदवायला फी लागत नाही, वकील लागत नाही आणि नागरिकत्वही लागत नाही.

कोण बोलू शकतं?

कोणीही. एच-१बी व्हिसावरचे डॉक्टर, ग्रीन कार्डवाले, रेसिडेन्सी करणारे, नर्स, आईवडील, सगळेच पत्र देऊ शकतात आणि सुनावणीत उभं राहून बोलूही शकतात. इथे एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. मत मांडणं वेगळं आणि निवडणुकीला देणगी देणं वेगळं. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या व्यक्तीने उमेदवाराला देणगी देण्यावर फेडरल कायद्याची बंदी आहे. आमदाराच्या कार्यक्रमाचं तिकीट 'फंडरेझर' म्हणून विकलं जात असेल तर तेही देणगीतच मोडतं.

लॉबिस्ट म्हणून नोंदणी करावी लागेल का, ही दुसरी भीती. त्या नोंदणीचा प्रश्न आमदारांशी थेट बोलण्याचा मोबदला घेणाऱ्यांचा आहे. दवाखाना सांभाळून स्वतःच्या वेळेत पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरला त्याची गरज नाही.

नोकरी सरकारी विद्यापीठाच्या रुग्णालयात असेल तर जास्त जपा. तिथलं लेटरहेड वापरू नका. 'हे माझं वैयक्तिक मत आहे, संस्थेचं नाव फक्त ओळखीपुरतं' असं वाक्य पत्रात घाला. खासगी रुग्णालयातही वरिष्ठांना आधी विचारून घेतलेलं बरं.

कागदपत्रं

खरं कागदपत्र एकच, ते म्हणजे पत्र. विधिमंडळाच्या 'पोझिशन लेटर पोर्टल'वर मोफत खातं उघडून ते अपलोड करायचं. तिथून ते विधेयकाच्या लेखकाकडे, म्हणजे ते मांडणाऱ्या आमदाराकडे, आणि संबंधित समितीकडे जातं.

पत्र एका पानाचं असावं. वर विधेयकाचा क्रमांक आणि लेखक-आमदाराचं नाव. पहिल्याच वाक्यात भूमिका: पाठिंबा, विरोध, की 'दुरुस्ती केली तर पाठिंबा'. हे वाक्य चौथ्या परिच्छेदात लपवण्याची सवय आपल्याला फार आहे. समितीच्या अधिकाऱ्यांपुढे पत्रांचा ढीग असतो आणि ते आधी भूमिका शोधतात. त्यांनी विधेयकावर लिहिलेल्या टिपणाच्या शेवटी पाठिंबा आणि विरोध करणाऱ्यांची यादी छापलेली असते आणि मतदानाआधी ते टिपण समितीतल्या आमदारांच्या हातात असतं. पाठवण्याआधी विधेयकाचा ताजा मसुदा वाचा. दुरुस्त्या वरचेवर होतात आणि जुन्या मसुद्यावरचं पत्र फुकट जातं.

रुग्णाचा दाखला द्यायचा असेल तर नाव, वय, शाळा, गाव यांतून मूल ओळखू येणार नाही याची खात्री करा किंवा पालकांची लेखी संमती घ्या. गावात तो आजार असलेलं एकच मूल असेल, तर नाव न देताही ते ओळखू येतं.

वेळापत्रक

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. नवी विधेयकं मांडायची मुदत साधारण फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. मांडल्यापासून तीस दिवस विधेयकावर सुनावणी होत नाही. म्हणजे वाचायला, अभ्यासाला आणि आमदाराला भेटायला हाच महिना. त्यानंतर विषय-समित्यांच्या सुनावण्या सुरू होतात आणि बहुतेक समित्यांना पत्र सुनावणीच्या साधारण आठवडाभर आधी हवं असतं. नेमकी मुदत प्रत्येक समितीच्या पानावर असते. 'लेजइन्फो' या सरकारी संकेतस्थळावर विधेयक 'ट्रॅक' करून ठेवलं की बदल झाल्यावर ईमेल येतो.

आमदाराची भेट राज्याची राजधानी सॅक्रॅमेंटोपेक्षा मतदारसंघातल्या कार्यालयात घ्या. आमदार सहसा सोमवार ते गुरुवार राजधानीत आणि शुक्रवारी आपल्या भागात असतात. भेट अनेकदा त्यांच्या सहाय्यकाशीच होते. त्यात कमीपणा मानू नका, विधेयकांची फाइल तोच सांभाळतो. सुनावणीतल्या दोन मिनिटांपेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त कामाची, असं मला ठामपणे वाटतं.

सुनावणीचा दिवस

सुनावण्या कॅपिटॉल इमारतीत किंवा जवळच्या १०२१ ओ स्ट्रीट इथे होतात. दारावर विमानतळासारखी तपासणी असते, तेव्हा लवकर पोहोचा. विधेयक पुकारल्यावर आधी लेखक-आमदार बोलतात, मग साधारणपणे प्रत्येक बाजूचे दोन मुख्य साक्षीदार, प्रत्येकी दोनेक मिनिटं. पाठिंब्याचे साक्षीदार लेखकाच्या कार्यालयाने आधीच ठरवलेले असतात. तुम्हाला ती जागा हवी असेल तर त्या कार्यालयाला किंवा अकॅडमीच्या आपल्या शाखेला आधी कळवा. कॅलिफोर्नियात अकॅडमीच्या चार शाखा आहेत. बाकीच्यांनी माइकसमोर रांग लावायची आणि नाव, गाव किंवा संस्था आणि भूमिका एवढंच सांगून बाजूला व्हायचं. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागत नाही. रांगेत भाषण सुरू केलं की अध्यक्ष तिथेच थांबवतात.

मुख्य साक्षीला दोन मिनिटं मिळाली, तर समजा विधेयक शाळेत दम्याचा पंप ठेवण्याबद्दल आहे. 'दमा हा मुलांमधला महत्त्वाचा आजार आहे' हे समितीला ठाऊक असतं. दुसरीतल्या मुलाचा पंप घरी राहिला, शाळेच्या कार्यालयात दुसरा नव्हता, रुग्णवाहिका येईपर्यंत मूल एकेक शब्द तोडून बोलत होतं, हे त्यांना ठाऊक नसतं. ते फक्त तुम्ही सांगू शकता. त्यानंतर एक आकडा आणि एक मागणी. बस.

गर्दीने घाबरू नका. २०१४ च्या डिसेंबरात डिस्नेलँडमधून गोवर पसरला. त्यानंतर शाळाप्रवेशासाठी 'वैयक्तिक श्रद्धे'च्या कारणाने लस टाळण्याची सवलत काढणारं एसबी २७७ हे विधेयक आलं. लेखक दोन होते, बेन अ‍ॅलन आणि रिचर्ड पॅन, आणि पॅन स्वतः बालरोगतज्ज्ञ. विरोधकांच्या रांगेत शेकडो पालक उभे होते. सिनेटच्या शिक्षण समितीत मतदान आठवडाभर पुढे ढकलावं लागलं आणि घरी शिकणाऱ्या मुलांबाबत दुरुस्ती केल्यावर विधेयक तिथून सुटलं. ३० जून २०१५ ला ब्राउन यांनी सही केली. बालवाडीत येणाऱ्या, सर्व आवश्यक लसी घेतलेल्या मुलांचं प्रमाण २०१४-१५ मध्ये ९०.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये ९५.६ टक्क्यांवर गेलं.

समितीनंतर

खर्चाचं विधेयक असेल तर ते अ‍ॅप्रोप्रिएशन्स (खर्च तपासणाऱ्या) समितीकडे जातं. मोठ्या खर्चाची विधेयकं तिथे 'सस्पेन्स फाइल'मध्ये ठेवतात आणि एकाच दिवशी भराभर निकाली काढतात. त्या दिवशी कोणाची साक्ष घेत नाहीत, म्हणून खर्चाबद्दलचं पत्र आधीच पोहोचलेलं हवं. उपचारावर वाचणारे पैसे दाखवता आले तर इथेच दाखवा. मग सभागृहाचं मतदान, आणि दुसऱ्या सभागृहात हाच सगळा प्रवास पुन्हा. तिथल्या समितीला नवं पत्र द्यावं लागतं, हे अनेकजण विसरतात.

दोन्ही सभागृहांतून पार पडलं की राज्यपालांना सहीची विनंती करणारं वेगळं पत्र पाठवायचं. एरवी त्यांना बारा दिवस असतात, अधिवेशनाच्या अखेरीस आलेल्या विधेयकांसाठी तीस. त्यांनी सहीही केली नाही आणि नामंजूरही केलं नाही, तरी विधेयकाचा कायदा होतो. बहुतेक कायदे पुढच्या १ जानेवारीपासून लागू होतात.