रुंदीकरणात झाड मोजतात, ढोली मोजत नाहीत: पार्श्वभूमी

रस्त्याचे रुंदीकरण ठरले की पहिली खूण झाडांवर उमटते. बुंध्यावर रंगाने आकडा टाकतात, छातीइतक्या उंचीवर टेप धरून घेर घेतात आणि जात, घेर, उंची, अंदाजे वय, लाकडाची किंमत असे रकाने भरत जातात. झाडाला ढोली आहे का, वर कोणाची वीण चालू आहे, रात्री फांदीवरून फांदीवर कोण रस्ता ओलांडते, यासाठी रकाना नसतो. याचा दोष मोजणाऱ्या कर्मचाऱ्याला देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात तो तक्ता कसा आला, हे पाहावे लागते.

रस्त्याकडेची झाडे पिढ्यान् पिढ्या बांधकाम खात्याची मालमत्ता म्हणून नोंदली गेली. सावलीसाठी वड, चिंच, आंबा लावायचे, फळांचा मक्ता द्यायचा, पडलेल्या झाडाचा लिलाव करायचा. महाराष्ट्रात १९६४ साली वृक्षतोड नियमनाचा कायदा आला तोही याच वळणाचा. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडे आहेत. म्हणजे ज्यांच्या लाकडाला किंवा फळाला बाजारात भाव, ती. पाखरांनी सर्वाधिक भरलेले वड आणि उंबर त्या यादीत नाहीत.

शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा आला. वृक्ष प्राधिकरण, झाडांची गणना, तोडीआधी जाहीर सूचना आणि हरकती हे सगळे त्याचेच. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून मान मिळाला, एक झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले आणि दोनशेहून अधिक झाडांचे प्रस्ताव राज्य प्राधिकरणाकडे गेले. सुधारणा मोठी, पण एकक तेच राहिले: झाड, नग एक. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपे लावली तरी धनेश पक्ष्याच्या मादीला आत बसून दार लिंपून घेता येईल अशी ढोली त्यांतल्या एकातही पुढची कित्येक दशके तयार होत नाही.

वन्यजीवांची वाट वेगळीच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांच्या हद्दी आखतो, आणि रस्त्याचा प्रश्न बहुधा त्या हद्दीच्या आत असेल तरच वन्यजीव मंडळापुढे जातो. गंमत अशी की याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत रानपाखरांची अंडी-घरटी विसकटणेही येते, आणि ते जंगलाबाहेरच्या झाडालाही लागू आहे. त्याची आठवण सहसा अपघातानंतरच होते. २०२२ मध्ये केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कामात एक चिंच विणीच्या काळात पाडली गेली. घरट्यांतली पिल्ले आणि पक्षी मोठ्या संख्येने रस्त्यावर मरून पडले. चित्रफीत पसरल्यावर वन खात्याने गुन्हा दाखल केला. पिल्ले उडून जाईपर्यंत थोडे थांबले असते तर एवढेही घडले नसते.

या दोन वाटा जिथे एकत्र यायच्या ती जागा म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याचा आधी केलेला अभ्यास, आपल्या सवयीच्या भाषेत ‘ईआयए’. अमेरिकेत १९७० पासून ते कायद्याने आले, भारतात जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले. पण रुंदीकरणाला यात पहिल्यापासून सवलतीच मिळत गेल्या. आहे त्याच आखणीवर, थोडीशी जमीन घेऊन रस्ता वाढवणे म्हणजे नवा प्रकल्प नव्हे, असा विचार १९९७ च्या दुरुस्तीतच दिसतो. २००६ च्या अधिसूचनेत राष्ट्रीय महामार्गाच्या विस्तारासाठी ३० किलोमीटरची मर्यादा होती; त्याच्या आतल्या कामाला हे मूल्यांकन लागत नसे. ऑगस्ट २०१३ मध्ये ती १०० किलोमीटर झाली, आणि त्यासोबत रुंदीची अटही सैल झाली. पुढे उत्तराखंडचा सुमारे ९०० किलोमीटरचा चारधाम रस्ता शंभराच्या आतल्या ५३ तुकड्यांत मांडला गेला, तेव्हा या मर्यादेचा खरा अर्थ सगळ्यांना कळला. माझ्या मते इथेच गाडे अडले आहे. जुन्या रस्त्याच्या कडेलाच तर सर्वांत जुनी झाडे असतात. नव्या आखणीत शेते जातात, रुंदीकरणात शंभर वर्षांची रांग जाते.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर–शिवनी रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७ आणि आताचा ४४, पेंचच्या जंगलातून, कान्हा आणि पेंच यांच्यामधला जनावरांच्या ये-जा करण्याचा भ्रमणमार्ग छेदत जातो. चौपदरीकरणाची वृक्षतोड मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेली, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने उपाय सुचवले, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर महाराष्ट्राच्या बाजूला सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली गेली. त्यांतली सर्वांत लांब वाट सुमारे ७५० मीटरची. २०१९ मध्ये खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ जातींचे प्राणी टिपले गेले. कुठे किती लांबीचा पूल हवा हे तिथे ठरू शकले, कारण कोणते जनावर कुठून जाते याची माहिती आधी गोळा केलेली होती. संस्थेने २०१६ मध्ये रस्ते, लोहमार्ग अशा लांबच लांब जाणाऱ्या ‘रेषीय’ प्रकल्पांसाठी मार्गदर्शिकाही काढली. पण वाघ नसलेल्या रस्त्यावर ती क्वचितच उघडली जाते. उदमांजर, वटवाघूळ, पिंगळा यांच्यासाठी पूल कोण मागणार?

झाडाची किंमत लाकडापलीकडे धरण्याचा एक प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात झाला. पश्चिम बंगालमधल्या जेसोर रोडवरच्या उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडायची होती. २०२० मध्ये नेमलेल्या समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरले. आकडा गाजला. २०२३ मध्ये तोडीला परवानगी मिळाली.

झाड वाचले म्हणजे काम झाले, असेही नाही. सांगली जिल्ह्यात भोसे इथला चारशे वर्षांचा समजला जाणारा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या वाटेत आला. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला, आखणी वळवली गेली, वड राहिला. २०२२ मध्ये तो उन्मळून पडला. वडाची मुळे फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. रस्त्याची खोदाई आणि भराव त्यांच्यापासून किती दूर ठेवायचा, हे बुंध्याचा घेर सांगत नाही. मोजणीच्या तक्त्यात मुळांच्या पसाऱ्याचा रकानाही अजून आलेला नाही.