फांग जी म्हणजे नक्की कुठलं मूळ? चिनी औषधी वनस्पतींच्या वर्गीकरणामागची गोष्ट

1990 च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकनं वजन कमी करायच्या गोळ्यांत चिनी औषधी मुळ्यांची पावडर घालायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत तिथल्या बऱ्या-चांगल्या तरुण बायकांच्या किडन्या फेल व्हायला लागल्या. अशा केसेस पुढं शंभरावर गेल्या, काहींना नंतर मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. घोळ सगळा नावाचा होता. हवं होतं ‘हान फांग जी’, म्हणजे स्टेफानिया टेट्रान्ड्रा, आपल्या गुळवेलीच्या कुळातली वेल. आलं ‘ग्वांग फांग जी’, म्हणजे अॅरिस्टोलोकिया फांगची, सापसंदाच्या कुळातली, जिच्यात किडनीला घातक आणि कॅन्सर करणारं अॅरिस्टोलोकिक अॅसिड असतं. दोन्ही वाळवलेली मुळं कापली की आत तशीच पिठूळ राखाडी-पांढरी चकती आणि मधून बाहेर जाणाऱ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा, त्यात दोघांचं नाव ‘फांग जी’, आणि पावडर केल्यावर तर विषयच संपला.

आता हे असं का होतं, तर चिनी वैद्यकातलं नाव मुळात झाडाचं नसतंच, ते औषधाचं असतं. सगळ्यात जुन्या ग्रंथात, शन्नोंग बेनत्साओ जिंगमध्ये, 365 औषधं आहेत आणि त्यांचे वरचा, मधला, खालचा असे तीन दर्जे केलेत, झाड कसं दिसतं हा मुद्दा दुय्यम. पुढं ली शिझेन नावाच्या वैद्यानं 27 वर्षं खपून 1578 मध्ये बेनत्साओ गांगमू पूर्ण केला, 1892 औषधं, 52 खंड, आणि छापून आला तो त्याच्या मृत्यूनंतर 1596 मध्ये. त्यानं वनस्पती लावल्या त्या डोंगरावरच्या, सुवासिक, ओलाव्यातल्या, विषारी, वेलींच्या, पाण्यातल्या अशा. त्यामुळं रेवंदचिनी आणि बचनाग दोघी ‘विषारी’ गटात शेजारी बसल्या. आजच्या बॉटनीत पहिली चुक्याच्या कुळात जाते, दुसरा कलौंजीच्या. मला तर ली शिझेनची पद्धत अजिबात भाबडी वाटत नाही, गोळा करायला जाणाऱ्याला झाड कुठं सापडेल हे माहीत असणं जास्त उपयोगाचं.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं वनस्पतींना दिलेली दोन शब्दांची लॅटिन नावं 1753 ची. जिनसेंगचं तर उलटंच झालं, आधी 1711 मध्ये जार्तू नावाच्या जेझुइट पाद्र्यानं चीनमधून त्याचं वर्णन लिहून पाठवलं, ते वाचून लाफितो या दुसऱ्या पाद्र्यानं 1716 मध्ये कॅनडात तसलंच झाड शोधलं, आणि लिनियसनं पॅनाक्स हे नाव आधी त्या अमेरिकन झाडाला दिलं, चिनी जिनसेंगला त्याचं आजचं नाव एकोणिसाव्या शतकात मिळालं! चीनमध्ये खुद्द ‘वनस्पतीशास्त्र’ हा शब्द आणि ‘कुळ’ या अर्थाचा ‘क’ हा शब्द आले ते ली शानलान या चिनी गणितज्ञाच्या 1858 च्या पुस्तकातून, तेही शांघायमध्ये इंग्रजी पुस्तकांवरून तयार केलेल्या.

मग जुन्या नावांना लॅटिन नावं जोडायचं काम सुरू झालं आणि इथंच खरी मारामारी. छिंगहाओ हे तापावरच्या औषधाचं जुनं नाव घ्या. ‘तू योयो’ नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंना मलेरियावरचं औषध जिच्यात सापडलं ती आर्टेमिसिया अॅन्युआ, पण अभ्यासकांनी छिंगहाओला बरीच वर्षं आर्टेमिसिया अॅपिआसिया हे नाव लावलेलं, आणि तिच्यात ते द्रव्यच नाही. आजच्या चिनी फार्माकोपियात, म्हणजे सरकारी औषधसूचीत, छिंगहाओ म्हणजे अॅन्युआच. (आपल्याकडं शंखपुष्पीचं काय चालतं ते माहीतच असेल, दक्षिणेत त्या नावाखाली गोकर्ण देतात.)

ब्रसेल्सनंतर कडकपणा आला, 2005 च्या फार्माकोपियात ग्वांग फांग जी नाही. प्रत्येक औषधाला लॅटिन नाव, कुळ आणि कुठला भाग वापरायचा ते दिलेलं असतं, अलीकडं पावडरची ओळख पटवायला डीएनए बारकोडिंगही करतात, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखतात. तरी गानत्साओ नावाखाली अजून तीन प्रजाती मान्य आहेत, त्यातली एक आपलं ज्येष्ठमध, आणि दुकानात तिन्ही एकाच ड्रॉवरमध्ये.