अडतीस पूर्णांक नऊ म्हणजे ताप आहे की नाही?

जूनमध्ये ग्वाल्हेरला मामाकडे गेलो होतो. लश्कर भागातलं जुनं घर, दारं-खिडक्या बंद, बाहेर लू. मामेभावाची सहा वर्षांची चिमी आदल्या रात्रीपासून फणफणली होती. पाऱ्याचं थर्मामीटर नेमकं तेव्हाच फुटलं, म्हणून औषधाच्या दुकानातून डिजिटल आणलं. मामीनं ते काखेत धरलं, पिप-पिप वाजलं, आकडा आला ३८.९.

"शंभरपण नाही," मामा खूश होऊन म्हणाला.

आजीनं पोरीच्या कपाळाला हात लावला. "तुझ्या यंत्राला नसेल कळत, मला कळतंय."

आजीचंच खरं होतं. आकड्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढा 'सी' होता. ३८.९ सेल्सिअस म्हणजे १०२ फॅरेनहाइट.

आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरेनहाइटमध्ये, अशी वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती दोन वेगळी मापं आहेत हेच विसरायला होतं. त्या दुपारी बाहेर ४६ होतं. तेही तापाच्या मापात मांडलं तर ११४.८. म्हणजे तापानं भाजणारी चिमी बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ १३ अंश फॅरेनहाइटनं गारच होती! अशा हवेत नुसता पंखा अंगावर उष्णताच आणून ओततो. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं तर मात्र गार वाटतं, कारण पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं.

आता हिशेब. बर्फ वितळतो ० सेल्सिअसला, म्हणजे ३२ फॅरेनहाइटला. समुद्रसपाटीवर पाणी उकळतं १०० ला, म्हणजे २१२ ला. दोन्ही जिने त्याच दोन मजल्यांमधले, पण एकाला १०० पायऱ्या आणि दुसऱ्याला १८०. म्हणून सेल्सिअसच्या ५ पायऱ्या चढलात की फॅरेनहाइटच्या ९ होतात. शिवाय दुसऱ्याची मोजणी ३२ पायऱ्या खालून सुरू झालेली.

हे ३२ कुठून आलं? डॅनियल फॅरेनहाइट यानं १७२४ मध्ये आपल्या मापाचं वर्णन छापलं. त्यात शून्य धरलं होतं बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं. नवसागर म्हणजे तोच, कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकतो आणि ज्याचा पांढरा धूर होतो. क्षार मिसळला की बर्फ शून्य सेल्सिअसच्या बराच खाली जातो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर जाडं मीठ टाकतो ते याचसाठी. साधं बर्फ-पाणी त्यानं ३२ वर ठेवलं आणि निरोगी माणसाचं अंग ९६ वर. मध्ये उरले ६४ भाग, आणि ६४ म्हणजे निम्म्याचं निम्मं करत थेट एकापर्यंत येता येणारा आकडा. काचेच्या नळीवर खुणा करणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? पुढे माप उकळत्या पाण्याशी जुळवून पक्कं केलं आणि अंगाचा आकडा थोडा वर सरकला.

स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसनं १७४२ मध्ये १०० भाग केले खरे, पण उलटे: उकळत्या पाण्याला ०, गोठण्याला १००. ते सुलटं झालं त्याच्यानंतर. नाहीतर ग्वाल्हेरचा जून ५४ वर आणि थंडीतली ४ अंशांची पहाट ९६ वर गेली असती.

तोंडी करायचं तर सेल्सिअसची दुप्पट करा, दुपटीचा दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा. ४६ चे ९२, त्यातून ९.२ गेले, उरले ८२.८, अधिक ३२. झाले ११४.८. तापासाठी तर एवढंही नको. ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. मामीनं हे कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं.

त्या ९८.६ मधल्या ".६" वर मात्र फार जीव लावू नका. जर्मन डॉक्टर वुंडरलिख यानं १८६८ मध्ये निरोगी अंगाची सरासरी ३७ सेल्सिअस सांगितली, आणि या ३७ चं रूपांतर केलं की ९८.६ येतं. दशांशाचा काटेकोरपणा गणितानं आणलेला आहे, अंगानं नाही. सकाळ-संध्याकाळचा फरकच त्याहून जास्त असतो.

रात्री औषधानंतर चिमीचा आकडा ३७.९ वर आला. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, किती उतरला? मामेभावानं मोबाइलमध्ये १ सेल्सिअस टाकून पाहिलं, तर उत्तर ३३.८. "तेहतीस डिग्री उतरला!" तो घाबरलाच. मोबाइल चुकला नव्हता. त्याला विचारलं होतं, १ अंशावरची वस्तू किती थंड. आपल्याला हवा होता १ अंशाचा फरक. फरकात ३२ मिळवायचे नसतात, कारण दोन्ही वेळा तेच ३२ येतात आणि वजाबाकीत उडून जातात. उतरला होता १.८. बातम्यांत पृथ्वीचं तापमान १.५ अंशानं वाढल्याचं वाचाल तेव्हाही हेच: ती वाढ २.७ फॅरेनहाइट, ३४.७ नव्हे.

सकाळी ३७.२ आलं. "म्हणजे किती?" आजीनं विचारलं. चिमी उठून फ्रीजपाशी गेली आणि ३७ वर बोट ठेवून उभी राहिली.