सीतेची वेणी

सीतेची वेणी (शास्त्रीय नाव : ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा) : झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारे आमरी (ऑर्किड) कुलातील रानफूल. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये तिची नोंद केली. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमने १८२५ मध्ये ऱ्हिंकोस्टायलिस ही प्रजाती स्थापली. हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत, सह्याद्री, श्रीलंका व आग्नेय आशियात ती आढळते. आसाममध्ये तिला कपौ फूल म्हणतात. ते आसामचे राज्यपुष्प आहे.

पाने जाड, पट्ट्यासारखी, दोन रांगांत येणारी. टोकाशी असमान खाच. पानांच्या बेचक्यातून फुलोरा खाली लोंबतो. त्यात पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके असलेली शंभरावर फुले दाटीने असतात. बहर दोन-तीन आठवडे टिकतो. आसामात तो एप्रिल-मे, तर कोकणात व घाटमाथ्यावर मे-जूनमध्ये येतो.

एप्रिलच्या मध्यावर नववर्षाचा बोहाग बिहू सुरू होतो, तेव्हाच आसामच्या रानात ही फुले येतात. मुगा रेशमाची मेखला-चादर नेसलेल्या बिहू नर्तकी अंबाड्याभोवती अख्खा फुलोरा गुंडाळतात. प्रेम, तारुण्य आणि वसंताची खूण म्हणून बिहूगीतांत तिचा उल्लेख वारंवार येतो. मंचावर आता बहुधा कापडाची किंवा प्लॅस्टिकची फुले दिसतात. रानातल्या रोपांच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, कारण ही वनस्पती फार सावकाश वाढते. तिच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात आणि रोप फुलावर यायला कित्येक वर्षे लागतात.

महाराष्ट्रात ती आंबा, फणस, ऐन अशा जुन्या झाडांवर दिसते. बांडगूळ समजून ती ओरबाडली जाते, हे फार वाईट. बांडगूळ झाडाच्या आतला रस शोषते. हिची मुळे मात्र फक्त सालीला धरून राहतात आणि पाऊस, दव व सालीवर साचलेल्या कचऱ्यावर भागवतात.

लागवडीसाठी रोपवाटिकेतले रोप घ्यावे, किंवा वादळाने मोडलेल्या फांदीवरचे वाचवावे. पहिल्या पावसात, मुळांना हिरवी टोके फुटत असताना बांधणी करावी. खरबरीत सालीचे, विरळ सावलीचे झाड निवडावे. पेरू किंवा निलगिरी नको, कारण साल सुटताना मुळेही सुटतात. रोप किंचित कलते ठेवून सुंभाने दोन ठिकाणी बांधावे. मुळे हलली तर ती चिकटत नाहीत, म्हणून गाठ घट्ट हवी, पण खोडाला काचू नये. मुळांवर माती अजिबात घालू नये. नारळाच्या काथ्याचा पातळ थर पुरे.

कोरडी मुळे रुपेरी दिसतात, भिजली की हिरवी होतात. रुपेरी झाल्यावरच पाणी द्यावे, तेही सकाळी. संध्याकाळचे पाणी शेंड्याच्या बेचक्यात रात्रभर साचते आणि शेंडा काळा पडून कुजतो. हिला एकच वाढता शेंडा असतो, त्यामुळे तो गेला की रोप बहुधा जाते. क्वचित बुडातून नवा फुटवा येतो. पाने गर्द हिरवी, लांब आणि लुळी झाली, फुले मात्र येत नाहीत, तर उजेड कमी आहे. पाने पिवळट पडून डाग उमटले तर दुपारचे ऊन लागते आहे. वाढीच्या काळात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) खत लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा फवारावे. थंडीत खत बंद आणि पाणी कमी करावे.

सर्व आमरींप्रमाणे हिच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या) कराराचे निर्बंध आहेत.