अनास्तासिया: आजीने ओळखलं, पण डीएनए काय म्हणतो?

१९५६ चा 'अनास्तासिया' ज्यांनी पाहिलाय त्यांना तो म्हाताऱ्या महाराणीचा सीन नक्की आठवत असेल. रशियाच्या झारची आई कोपनहेगनमधे परागंदा होऊन राहतेय, तिच्यासमोर एक बाई आणून उभी केलीय, ही तुमची नात अनास्तासिया म्हणून, आणि महाराणीकडे आधीच इतकी खोटी नातवंडं येऊन गेलीयत की ती काही ऐकून घ्यायलाच तयार नाही. आणि मग ती बाई खोकते. बरं नाही का विचारलं तर म्हणते, घाबरले की मला नेहमी असंच होतं. तेवढ्यावर हेलन हेजची महाराणी विरघळते आणि तिला पोटाशी धरते. इन्ग्रिड बर्गमनला या रोलसाठी तिचं दुसरं ऑस्कर मिळालं आणि ते अगदी योग्य होतं, हा सीन कितीही वेळा बघितला तरी माझा गळा भरून येतो.

पण डोळे पुसून झाल्यावर विचार केला तर एक प्रश्न उरतोच. आजीने ओळखलं म्हणजे ओळख पटली का? ज्या खऱ्या बाईवरून ही गोष्ट बेतलीय, तिच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर मिळायला १९२० पासून १९९४ पर्यंत वाट बघावी लागली, आणि ते ज्या पद्धतीने मिळालं ते मला पिक्चरइतकंच थरारक वाटतं.

आधी थोडा इतिहास. १६-१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबुर्गमधल्या इपातिएव्हच्या घराच्या तळघरात झार दुसरा निकोलस, त्याची बायको अलेक्झांड्रा, ओल्गा, तातियाना, मारिया, अनास्तासिया या चार मुली, तेरा वर्षांचा अलेक्सेई, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर बोटकिन, एक दासी, एक स्वयंपाकी आणि एक नोकर अशा अकरा जणांना बोल्शेविकांनी गोळ्या घालून आणि संगिनींनी भोसकून मारलं. अनास्तासिया तेव्हा सतरा वर्षांची होती. सरकारने मात्र जाहीर केलं की फक्त झारला मारलंय, कुटुंबाला सुरक्षित ठिकाणी हलवलंय. प्रेतं कुठे आहेत हे कुणाला सांगितलंच नाही. मग अफवा पसरल्या नसत्या तरच नवल, कोणी म्हणे एक मुलगी वाचली, कोणी म्हणे शिपायाने पळवून नेली, आणि युरोपात ठिकठिकाणी झारची मुलं उगवायला लागली.

त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे अ‍ॅना अँडरसन. फेब्रुवारी १९२० मधे बर्लिनच्या लांडवेअर कालव्यात उडी मारलेल्या एका बाईला पोलिसांनी बाहेर काढलं. नाव सांगेना, गाव सांगेना, कागदपत्र काही नाही, अंगावर जखमांचे व्रण. दवाखान्याच्या कागदावर तिची नोंद 'अनोळखी कुमारी' अशी झाली आणि तिला मनोरुग्णालयात ठेवलं. तिथल्याच एका पेशंटला वाटलं की ही झारची मुलगी दिसते, आणि गंमत बघा, आधी तिला अनास्तासिया नाही तर तातियाना समजलं गेलं होतं! झारच्या बायकोच्या, अलेक्झांड्राच्या, जुन्या सखीने येऊन बघितलं आणि ही तातियाना असायला फार बुटकी आहे असं म्हणून ती निघून गेली. त्यानंतर ती अनास्तासिया झाली.

आता साक्षीदार बघा कसे विभागले गेले. अनास्तासियाचा फ्रेंचचा मास्तर पिएर जिलियार्ड म्हणाला ही ती नव्हे. आत्या ओल्गा १९२५ मधे बर्लिनला जाऊन भेटली, तिला त्या आजारी बाईबद्दल माया वाटली, पण शेवटी तीही नाहीच म्हणाली. उलट डॉक्टर बोटकिनचा मुलगा ग्लेब, जो लहानपणी या मुलींबरोबर खेळलेला होता, तो आयुष्यभर छातीठोकपणे सांगत राहिला की हीच अनास्तासिया. ही सगळी माणसं खऱ्या अनास्तासियाला ओळखत होती! आणि पिक्चरमधली ती आजी, म्हणजे राजमाता मारिया फ्योदोरोव्हना, ती खऱ्या आयुष्यात अ‍ॅनाला भेटलीच नाही, १९२८ मधे ती डेन्मार्कला वारली. म्हणजे ज्या भेटीवर आपण रडतो ती भेट कधी झालीच नव्हती.

मला यात कुणालाच खोटारडं म्हणावंसं वाटत नाही. ज्याचं सगळं जग एका रात्रीत संपलंय त्या माणसाला एक तरी जीव वाचलाय असं वाटणं साहजिक आहे, आणि आपली मेमरी काही कॅमेऱ्यासारखी जसंच्या तसं साठवून ठेवत नाही, ती प्रत्येक वेळी आठवताना नव्याने जुळवली जाते, त्यात आपली इच्छा मिसळते, मधे ऐकलेलं-वाचलेलं मिसळतं. सतरा वर्षांच्या मुलीचा चेहरा सात वर्षांनी, आजाराने खंगलेला, दात पडलेला, असा समोर आला तर ओळखणार तरी कसा? आणि अ‍ॅनाला राजवाड्यातल्या बारीक गोष्टी माहीत आहेत म्हणून लोक चकित व्हायचे, पण तिला भेटायला येणारे लोकच तिच्यासमोर जुने फोटो बघत त्या गोष्टी बोलत असायचे हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

बरं, तज्ज्ञांनी तरी काय केलं? जर्मन कोर्टात १९३८ पासून १९७० पर्यंत ही केस चालली (मधे महायुद्ध). कोर्टाने नेमलेला मानववंशशास्त्रज्ञ ओटो रेखे याने फोटो ताडून सांगितलं की ही अनास्तासियाच किंवा तिची जुळी बहीण असली पाहिजे. हस्ताक्षर तज्ज्ञ बाईंनी अक्षरही जुळतं म्हणून सांगितलं. कानाच्या ठेवणीवरही खूप चर्चा झाली. हे सगळं आपल्याला आता माहितीये की चुकीचं होतं, आणि चुकीचं का होतं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. कानाचे अमुक इतके पॉइंट जुळले असं म्हटलं की ऐकायला भारी वाटतं, पण कुठल्याही दोन परक्या माणसांचे कान घेतले तर त्यातले किती पॉइंट योगायोगाने जुळतात हा आकडा कुणाकडेच नव्हता. तो आकडा नसेल तर 'जुळलं' या शब्दाला काही वजन राहत नाही. शेवटी १९७० मधे वरच्या कोर्टाने एवढंच म्हटलं की दावा सिद्ध झालेला नाही. ती खोटी आहे असंही सिद्ध झालं असं काही म्हटलं नाही.

अ‍ॅना तोपर्यंत अमेरिकेत व्हर्जिनियाला गेली होती, लग्न करून तिथेच राहिली, आणि फेब्रुवारी १९८४ मधे वारली. तिचं दहन झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमधे इंग्लंडमधे लेस्टर युनिव्हर्सिटीत अ‍ॅलेक जेफ्रीजला डीएनए फिंगरप्रिंटिंगची, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायची, कल्पना सुचली. अवघे सात महिने!

आता मुख्य मुद्दा, डीएनए. आपल्या पेशीच्या केंद्रकात जो डीएनए असतो तो अर्धा आईकडून अर्धा बापाकडून येतो आणि प्रत्येक पिढीत पत्ते पिसावेत तसा पिसला जातो. पण पेशीत केंद्रकाच्या बाहेर मायटोकॉन्ड्रिया नावाचे ऊर्जा तयार करणारे बारके भाग असतात आणि त्यांचा स्वतःचा वेगळा छोटा डीएनए असतो, जेमतेम १६,५६९ अक्षरांचा (डीएनए A, C, G, T या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो). हा फक्त आईकडून येतो. मुलगा असो की मुलगी, दोघांना आईचाच मिळतो, पण पुढच्या पिढीला तो फक्त मुलगी देते. त्यामुळे आई, आईची आई, तिची आई, मावशी, मावशीची मुलगी, त्या मुलीचा मुलगा, या सगळ्यांकडे तो जवळपास जसाच्या तसा असतो. शिवाय एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो कॉपीज असतात, म्हणून सत्तर-ऐंशी वर्षं मातीत पडलेल्या हाडात केंद्रकातला डीएनए पार तुटून गेला तरी हा थोडाफार सापडतो.

आणि इथे मला पिक्चरमधली आजी परत आठवते, कारण ती बापाची आई आहे! म्हणजे राजमातेचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तिच्या मुलाकडे, निकोलसकडे आला आणि तिथेच थांबला, अनास्तासियाकडे तो पोचलाच नाही. अनास्तासियाची ओळख पटवायची तर हवी होती आईची आई, म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची मुलगी अ‍ॅलिस. ती तर १८७८ मधेच गेली होती, पण तिची लाइन चालू होती. अ‍ॅलिसची एक मुलगी अलेक्झांड्रा, झारची बायको. दुसरी मुलगी व्हिक्टोरिया, तिची मुलगी पुन्हा एक अ‍ॅलिस, आणि तिचा मुलगा प्रिन्स फिलिप, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथचा नवरा. सगळ्या कड्या बायकांच्या, शेवटची सोडून. फिलिपने रक्त दिलं.

कारण दरम्यान हाडं सापडली होती. येकातेरिनबुर्गच्या बाहेर कोप्त्याकीच्या जुन्या रस्त्यावर अलेक्झांडर अव्दोनिन हा भूवैज्ञानिक आणि गेली र्‍याबोव्ह हा सिनेमावाला यांनी १९७९ मधेच ती जागा शोधली होती, पण सोव्हिएत काळात बोलायची सोय नव्हती, त्यामुळे खड्डा उघडला गेला तो १९९१ मधे. त्यात नऊ सांगाडे. अकरा हवे होते. अलेक्सेई आणि एक मुलगी गायब!

इंग्लंडमधे पीटर गिल आणि रशियाचा पावेल इव्हानोव्ह यांनी काम केलं. फिलिपचा नमुना अलेक्झांड्रा आणि तीन मुलींच्या हाडांशी जुळला. निकोलसच्या हाडात मात्र एक विचित्र गोष्ट निघाली, एका जागी (१६१६९ नंबरला) दोन वेगवेगळी अक्षरं एकत्र दिसत होती, C पण आणि T पण, आणि ज्या नातेवाईकांशी तुलना केली त्यांच्याकडे फक्त T. काही लोक लगेच म्हणाले सॅम्पल खराब झालंय, हा झार नाहीच. म्हणून १९९३ मधे खात्री सांगितली गेली ती ९८.५ टक्के एवढीच, आणि मला तो प्रामाणिकपणा फार आवडतो, आकडा जसा आहे तसा सांगितला. मग सेंट पीटर्सबर्गमधली निकोलसच्या सख्ख्या भावाची, गिओर्गीची कबर उघडली (तो १८९९ मधे क्षयाने गेला होता) आणि त्याच्या हाडातही त्याच जागी तसंच मिश्रण सापडलं. याला हेटेरोप्लाझ्मी म्हणतात, एकाच माणसात मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे दोन प्रकार असणं. दोन्ही भावांना ते आईकडून मिळालं असणार, पुढच्या पिढ्यांत गाळलं जाऊन एकच प्रकार उरला. म्हणजे जी गोष्ट शंकेचं कारण होती तीच सगळ्यात पक्का पुरावा ठरली.

आणि अ‍ॅनाचं काय, तिचं तर दहन झालेलं. पण १९७९ मधे तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि हॉस्पिटलांमधे असे काढलेले तुकडे फॉर्मेलिनमधे ठेवून मग मेणात बसवून वर्षानुवर्षं जपतात. फॉर्मेलिन डीएनएची वाट लावतो, त्यामुळे अगदी छोटे छोटे तुकडेच हाती लागतात, पण पीसीआरने त्या तुकड्यांच्या लाखो कॉपीज काढता येतात. गिलच्या टीमने १९९४ मधे ते केलं. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फिलिपशी जुळला नाही. केंद्रकातल्या डीएनएनेही तेच सांगितलं. तिथे साधा हिशोब असतो, काही ठरावीक जागी एकच छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा येतो ते मोजतात, आणि समजा एका जागी बापाकडे ७ आणि १० असे आकडे आहेत आणि आईकडे ८ आणि ८, तर मुलाकडे ७-८ किंवा ८-१० एवढंच येऊ शकतं, तिसरं काही आलं तर ते मूल त्यांचं नाही. अ‍ॅनाचे आकडे निकोलस-अलेक्झांड्राच्या आकड्यांत बसत नव्हते. तिचे काही केस एका जुन्या पुस्तकातल्या पाकिटात सापडले होते, ते अमेरिकेत वेगळ्या लॅबमधे तपासले, तर त्यांचा डीएनए आतड्याच्या तुकड्याशी जुळला, म्हणजे सॅम्पल दुसऱ्याच कुणाचं होतं असं म्हणायलाही जागा राहिली नाही.

मग ती होती कोण? अलेक्झांड्राच्या भावाने लावलेल्या डिटेक्टिव्हने १९२७ मधेच नाव सांगितलं होतं, फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का, पोमेरेनियातल्या गरीब शेतकरी कुटुंबातली मुलगी, १९२० च्या सुरुवातीला बर्लिनमधून बेपत्ता. तिच्या बहिणीच्या मुलीच्या मुलाने रक्त दिलं, आणि ते जुळलं.

इथे एक नीट लक्षात घ्यायला हवं. मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला नाही तर नातं नाही हे जवळपास ठाम सांगता येतं, पण जुळला म्हणजे तीच व्यक्ती असं आपोआप होत नाही, कारण एकच नमुना हजारो लोकांत असू शकतो. पण फ्रान्झिस्काच्या बाबतीत नाव आधी ठरलेलं होतं, सदुसष्ट वर्षं आधी, बेपत्ता व्हायची वेळ जुळत होती, जखमा जुळत होत्या, आणि मग डीएनए जुळला.

त्या जखमांबद्दल बोललंच पाहिजे. फ्रान्झिस्का पहिल्या महायुद्धात बर्लिनच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला होती. १९१६ मधे तिच्या हातातून ग्रेनेड निसटला आणि फुटला, फोरमन तिच्या डोळ्यादेखत गेला, तिला तुकडे लागले आणि त्यानंतर तिचं मानसिक संतुलन ढासळलं, मनोरुग्णालयांच्या वाऱ्या सुरू झाल्या. ज्या व्रणांना लोक येकातेरिनबुर्गच्या संगिनींचे म्हणत होते ते एका कामगार मुलीचे होते. तिच्या दुःखावर पिक्चर कुणी काढला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

उरलेली दोन मुलं २००७ मधे सापडली, पहिल्या खड्ड्यापासून साधारण सत्तर मीटरवर, जळालेल्या हाडांचे ४४ तुकडे आणि दात. मारेकऱ्यांचा म्होरक्या युरोव्स्कीने दोन प्रेतं वेगळी जाळल्याचं लिहून ठेवलं होतं ते खरं निघालं. यावेळी टेक्नॉलॉजी बरीच पुढे गेली होती, पूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला गेला, आणि निकोलसच्या बाबतीत तर आणखी एक भन्नाट पुरावा होता. १८९१ मधे युवराज असताना जपानच्या ओत्सु गावात एका पोलिसाने त्याच्यावर तलवारीने वार केला होता (त्याच सफरीत तो डिसेंबर १८९० मधे आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता), आणि त्यावेळचा रक्ताचा शर्ट हर्मिटाज म्युझियममधे जपलेला होता. त्या रक्ताचा डीएनए हाडाशी जुळला. अलेक्सेईच्या हाडात २००९ मधे एफ९ जीनमधला तो एका अक्षराचा बदल सापडला ज्यामुळे रक्त गोठत नाही, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यातला प्रसिद्ध 'राजरोग' हा हिमोफिलिया बी होता हेही त्या ओघात कळलं.

चारही मुलींचा हिशोब लागला, एकही वाचली नव्हती. फक्त दुसऱ्या खड्ड्यातली मुलगी मारिया की अनास्तासिया यावर रशियन आणि अमेरिकन तज्ज्ञांचं एकमत नाही, कारण सख्ख्या बहिणींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सारखाच असतो आणि केंद्रकातल्या डीएनएवरून ही या आईबापांची मुलगी एवढंच सांगता येतं, कुठल्या नावाची ते नाही. त्यासाठी त्या मुलीचा जिवंतपणीचा खात्रीचा नमुना लागेल, एखादी केसांची बट वगैरे. तोपर्यंत हाडांवरून वय आणि उंचीचे अंदाज, आणि ते दोन्ही बाजूंनी वाद घालता येण्याइतके सैल आहेत.