फोटो फिका करणारा स्लायडर आतमध्ये काय करतो?

अ‍ॅपमध्ये फोटोची ओपॅसिटी कमी केली की फोटो फिका पडतो, मागचं दिसायला लागतं, आणि आपल्याला वाटतं फोटो काचेसारखा आरपार झाला. पण स्क्रीनवर पुढे-मागे असं काही नसतंच, एका जागी एकच पिक्सेल असतो आणि तो एका वेळी एकच रंग दाखवतो. म्हणजे ही पारदर्शकता सगळी हिशोबातली आहे, दोन रंग मिसळून तिसरा रंग काढायचा आणि तो स्क्रीनवर पाठवायचा, बास.

हिशोब अगदी सोपा आहे. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात, त्यांच्या जोडीला चौथा आकडा येतो त्याला अल्फा म्हणतात, ० म्हणजे गायब आणि १ म्हणजे पूर्ण. समजा फोटोतला लाल २०० आहे, मागच्या बॅकग्राउंडचा १०० आहे आणि अल्फा ०.४, म्हणजे ओपॅसिटी ४० टक्के ठेवलीय, तर २०० चे ४० टक्के ८० आणि १०० चे ६० टक्के ६०, मिळून १४०. तसंच हिरव्याचं, तसंच निळ्याचं. १०८० बाय २४०० च्या स्क्रीनवर जवळपास २६ लाख पिक्सेल असतात, फोटो हळूहळू फिका होत जाणारं अ‍ॅनिमेशन असेल तर हे सगळं सेकंदाला ६० वेळा, म्हणून हे काम फोनचा जीपीयू, म्हणजे चित्रांचा हिशोब करणारी खास चिप करते.

अल्फाची कल्पना १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमुल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मांडली, आणि १९८४ मध्ये लुकासफिल्म या सिनेमा कंपनीच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रं एकावर एक बसवायचं गणित नीट लिहून काढलं. आजचे फोनसुद्धा तेच गणित वापरतात, मला हे फार भारी वाटतं.

आता गंमत बघा, ५० टक्क्यांचे दोन लेयर, म्हणजे थर, एकावर एक ठेवले तर १०० होत नाहीत, ७५ होतात, कारण दुसरा लेयर उरलेल्या अर्ध्याचाच अर्धा झाकतो. याचा त्रास खरा कुठे होतो तर कार्डमध्ये, म्हणजे अ‍ॅपमध्ये फोटो आणि मजकूर एकत्र दाखवणाऱ्या चौकटीत. कार्डात फोटो आहे आणि त्यावर नावाची पट्टी आहे, दोघांना वेगवेगळं ५० टक्के केलं तर पट्टीतून फोटो दिसायला लागतो आणि सगळं गिचमिड होतं. त्यापेक्षा अख्ख्या कार्डाला एकदाच ५० टक्के द्यायचं, मग सिस्टीम आधी पूर्ण कार्ड मेमरीत बाजूला काढते आणि मग एकत्र फिकं करते. दिसायला छान, पण जीपीयूला जास्त काम, त्यामुळे लांबलचक स्क्रोल होणाऱ्या लिस्टमध्ये हे जपून वापरा.

बारीकसारीक गोष्टी पण आहेत. जेपेगमध्ये अल्फा साठवताच येत नाही, पीएनजी आणि वेबपीमध्ये येतो. अँड्रॉइडच्या आठ अंकी कलर कोडमध्ये, म्हणजे रंग लिहायच्या सांकेतिक आकड्यात, अल्फाचे दोन अंक सुरुवातीला असतात आणि वेबच्या सीएसएसमध्ये शेवटी, त्यामुळे कोड तसाच उचलून चिकटवला की रंगच बदलतो. आणि अल्फा ० केला म्हणजे बटण गेलं असं समजू नका, अँड्रॉइडमध्ये न दिसणारं बटणसुद्धा टच घेत राहतं, आयफोनवर मात्र अल्फा ०.०१ च्या खाली गेला की टच बंद होतो.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो फोटोवर अक्षरं टाकताना, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथे फोटोची ओपॅसिटी कमी करणं हा चुकीचा उपाय आहे. फोटो फिका केला की तो मागच्या रंगाकडे सरकतो, म्हणजे लाइट मोडमध्ये पांढुरका होतो आणि डार्क मोडमध्ये काळपट, एकच आकडा आणि दोन वेगळे निकाल. पांढरी अक्षरं लाइट मोडमध्ये तर अजूनच हरवतात. त्यापेक्षा फोटो पूर्ण ठेवा आणि फोटो आणि अक्षरांच्या मध्ये काळा अर्धपारदर्शक थर टाका.

तो थर किती गडद हवा हे मोजून काढता येतं. वाचनसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक लागतो. फोटोत पांढरंशुभ्र आकाश असेल तर ५० टक्के काळ्या थराने त्याचे तिन्ही आकडे २५५ वरून १२८ वर येतात आणि पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट ३.९५ भरतो, म्हणजे नापास. ५४ टक्के केला की पास. चारच टक्क्यांचा फरक आहे, डोळ्यांना पटकन कळणार पण नाही, पण कमी दिसणाऱ्या माणसासाठी तो फरक वाचता येणं आणि न येणं यातला असू शकतो. लोक कुठले फोटो टाकतील हे आपल्या हातात नसतं, म्हणून टेस्ट करताना सगळ्यात उजळ फोटो घ्या. आणि अख्खा फोटो काळवंडायला नको असेल तर थर ग्रेडियंटचा, म्हणजे हळूहळू गडद होत जाणारा ठेवा, वर ० आणि खाली अक्षरं जिथे सुरू होतात तिथपर्यंत ५४ च्या पुढे गेलेला.